खुर्च्या कोणी मांडायच्या

शनिवार, ८ जून

आजपासून मी संगणक वापरणाऱ्यांच्या मंडळाचा कार्यवाह. कॉलेज अर्ध्यावर सोडून आल्यापासून मला कुणी कशावर नेमलं नव्हतं. दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनला कागद भरणारा, एवढीच माझी पदवी.

कसा झालो, तर असा. अध्यक्षांनी विचारलं, "कार्यवाह कोण होणार?" आणि खोलीत प्रोजेक्टरचा पंखा ऐकू यायला लागला. सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिने मागे वळून पाहिलं. सरळ माझ्याकडे. माझा हात वर गेला.

(मागाहून पाहिलं, तर मी बसलो होतो त्याच्या बरोब्बर वर भिंतीवरचं घड्याळ आहे. पण घड्याळाकडे इतका वेळ कोण बघतं?)

ती अध्यक्षांची मुलगी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या माडीवर आमची सभा असते, तेव्हा ती वडिलांबरोबर येते, वडिलांच्या शेजारी बसते, वडिलांबरोबर जाते. आजवर माझ्याशी तिची चार वाक्यं झाली असतील. त्यातली दोन मंडळाच्या वायफायबद्दल.

लगेच भांडण. मदतनीस कोण? कार्यवाहाबरोबर एकाने तासभर आधी यायचं, खुर्च्या मांडायच्या आणि मग सभा संपेपर्यंत आतल्या खोलीत रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बसायचं. भाषण ऐकायला मिळत नाही म्हणून कुणाला नको असतं. चिठ्ठ्या टाकतात, तर चिठ्ठ्या दुमडल्या कुणी यावरून वाद. मी उठून म्हणालो, सोडत काढणारा प्रोग्रॅम मी लिहितो. टाळ्या!

घरी सांगितलं. दादा म्हणाला, "पगार?" वहिनी म्हणाली, "असू दे हो, बिनपगारी का होईना, कुणीतरी काम दिलं."

शुक्रवार, १४ जून

प्रोग्रॅम झाला. महिन्याच्या एक तारखेला आपोआप चालणार, एक नाव काढणार, सगळ्यांना निरोप पाठवणार. तारखेवरूनच नाव ठरतं, त्यामुळे तोच प्रोग्रॅम कुणी आपल्या घरी चालवला तरी तेच नाव येणार. अध्यक्षांची ती अट होती. ते वीज कंपनीतून निवृत्त झालेत. स्वतः तपासल्याशिवाय दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत. प्रोग्रॅम मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये उघडा ठेवलाय. कुणीही वाचावा.

शेवटाकडे मी एक जादा ओळ घातली आहे. नाव कुठलंही निघो, ते पुसून तिथे तिचं ठेवायचं.

लिहिताना कानशिलं तापली. पण वाचणार कोण? मंडळातली झाडून सगळी माणसं प्रोग्रॅम चालवून बघणारी. वाचणारं एकही नाही.

शनिवार, १३ जुलै

आली! तासभर आधी, बरोबर वेळेवर, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. मी रात्रीच वाक्य तयार ठेवलं होतं. ते तोंडातून निघण्याआधीच ती म्हणाली, "खुर्च्या तू मांडशील ना? मी मशीनचं बघते." आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं.

लाजली.

एकट्याने साठ खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येक खुर्चीला धन्यवाद दिले. चहा घेऊन दार वाजवलं, तर तिने हात बाहेर काढून कप घेतला. फक्त हात. आली तेव्हा केसांची नीट वेणी, इस्त्रीचा सदरा. खुर्च्या मांडायला कुणी इस्त्री करून येतं का? मी काय तो अर्थ समजलो.

शनिवार, १० ऑगस्ट

पुन्हा तिचंच नाव. आज शंकासुर उठला. खरं तर शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस. पण भाषण कसलंही असो, शेवटी बोट वर करून "माझी एक शंका आहे" म्हणतो, म्हणून हे नाव. म्हणाला, "लागोपाठ दोनदा एकच नाव? एक शंका आहे."

मी वाकून माइकची वायर सरळ करू लागलो. पण अध्यक्षच कडाडले. "मी स्वतः घरी चालवून बघितलंय. तेच नाव येतं. नाण्याचा लागोपाठ छापा पडू शकतो. अध्यक्षाची मुलगी म्हणून तिला सूट मिळणार नाही. सोडतीत नाव आलं म्हणजे यायचं!"

त्यांनी "यायचं" म्हटलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून हसत होती. मी आता त्या हसण्यावर आठवडाभर जगणार.

आज मंडळातल्या दंतवैद्यांचं 'फोटो जपून कसे ठेवावेत' हे भाषण होतं. पडद्यावर सगळ्या दाढा. मागच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली.

बुधवार, २८ ऑगस्ट

कार्यवाह म्हणजे गाढव, फक्त शेपटी नाही. सप्टेंबरच्या वक्त्याने आयत्या वेळी नकार दिला. दुसऱ्याला फोन केला; तो म्हणाला प्रोजेक्टर बदला. वाचनालयाचा शिपाई म्हणतो, किल्ली पाहिजे तर अर्ज करा. दुकानात एका हाताने झेरॉक्स, दुसऱ्या हाताने फोन. दादाने आज सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, "कॉलेज सोडलंस ते सरांशी भांडून. आता हे मंडळ कुणाशी भांडून सोडणार, तेवढं आधी सांग. मी कुणाला तरी कामाला ठेवतो."

मी कागदाचा गठ्ठा आपटला. मग मीच गोळा केला. दुकान एवढं अरुंद की चिडून बाहेर जायचं तर दादालाच सरकायला सांगावं लागतं.

माडीवरची ती खोली मिळाली नसती तर मी कुठे गेलो असतो? तिथे निदान मला 'अहो कार्यवाह' म्हणतात. ते गेलं तर मागे उरतं दुकान, घर आणि मधला रस्ता.

शनिवार, १४ सप्टेंबर

सगळं संपलं.

चहा घेऊन गेलो. दारापाशी पोचलो, तर आतून तिचं हसणं. मग आवाज. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हळू, गोड, शब्द तोलून. "हो सर. नक्की सर. मला तर फार आवडेल. तिथे राहायची माझी तयारी आहे." मग पुन्हा हसणं.

तिथे राहायची तयारी! माझ्या सोडतीने मिळालेल्या तासात, माझ्या हातचा चहा पीत, ती कुणा दुसऱ्याशी गुलूगुलू बोलते! आणि प्रियकराला 'सर' म्हणायची ही कुठली तऱ्हा? लाडाने म्हणत असेल. वयाने मोठा असेल. टकला असेल.

चहा मीच प्यायलो. जीभ भाजली.

सभेत शंकासुराने पुन्हा बोट वर केलं. "तिसऱ्यांदा तेच नाव. शंका नाही, आता खात्री आहे." मंडळी हसली. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. वर्धापनदिनी वाचन होऊन जाऊ दे."

हे वाचन काय, ते मला आज कळलं. मंडळ निघालं तेव्हाचा नियम: मंडळाचं काम ज्या प्रोग्रॅमवर चालतं, तो वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ओळ न् ओळ. ज्या प्रतीने त्या महिन्याची सोडत निघाली, तीच प्रत. प्रत्येकाच्या हातात छापील कागद. वाचणारा कार्यवाह. मधली काही वर्षं प्रोग्रॅमच नव्हता, म्हणून वाचन नव्हतं. १२ ऑक्टोबरला आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

ओळ काढून टाकली. वाचनाला भिऊन नव्हे. तिने माझ्या तासात टकल्याशी बोलावं यासाठी मी गुन्हे करत नाही! आता एक तारखेला खरी सोडत निघेल. बसू दे तिला बाबांच्या शेजारी.

फार शांत वाटतंय. (वाटत नाही.)

मंगळवार, २४ सप्टेंबर

दुपारी दुकानात ती आली. एकटी. दादा जेवायला गेला होता. तिने काउंटरवर कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "याची एक झेरॉक्स."

"कोरा आहे."

"माहीत आहे. बाहेर बाबांचे मित्र उभे आहेत. मशीन चालू ठेव." मशीनचा आवाज सुरू झाल्यावर म्हणाली, "ती ओळ कुठे गेली?"

मी मशीनचं बटण पुन्हा दाबलं. "कुठली ओळ?"

"माझं नाव टाकणारी. पहिल्याच महिन्यात वाचली मी. तुमच्या मंडळात वाचणारी मी एकटीच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं काम होत होतं."

मग तिने सांगितलं. घरात एकच टेबल, त्यावर बाबा. ती फोनवर बोलू लागली की ते समोर येऊन बसतात. दूरच्या शहरातली एक नोकरी आहे, नकाशे बनवणाऱ्या संस्थेत. त्यांच्या मुलाखती शनिवारी संध्याकाळी होतात. दोन झाल्या त्या आतल्या खोलीत, माझ्या सोडतीच्या कृपेने.

"बाबांना सांगायचं ना सरळ!"

"ओरडणारे बाबा असते तर केव्हाच सांगितलं असतं. माझे बाबा घरात ओरडत नाहीत. फक्त जेवण सोडून उठतात. गेल्या वेळी एका नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तीन दिवस ते इतकं गोड वागले, की मी स्वतःच नाही म्हणून कळवलं. या वेळी आधी हातात नोकरी पाहिजे, मग सांगणं."

म्हणजे टकला नव्हता. मला इतका आनंद झाला, की बाकीचं ऐकू यायला जरा वेळ लागला. बाकीचं असं होतं: शेवटची मुलाखत १२ ऑक्टोबरला, सात ते आठ.

"पण त्याच दिवशी वाचन आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच मागताना लाज वाटते." ती खरंच खाली बघत होती. आज हसत नव्हती. "ओळ परत घाल, असं मी म्हणणार नाही. फक्त ती नसेल तर मी बाबांच्या शेजारी बसेन, एवढं सांगायला आले."

"तुझ्या-माझ्यात..." मी सुरुवात केली.

"नाही रे," ती म्हणाली. इतक्या हळू, की रागावताही येईना. "तू वाईट नाहीस. चहा चांगला आणतोस. पण मला न विचारता माझं नाव कुठेही टाकायचं नव्हतंस. मी त्याचा फायदा घेतला, ही माझी चूक. ते टाकलंस, ही तुझी."

कोऱ्या कागदाच्या एकोणीस कोऱ्या प्रती निघाल्या. दादा आल्यावर ओरडला.

सोमवार, ३० सप्टेंबर

आठवडाभर डोकं गरगरतंय. ओळ घातली तर ती जाते आणि माझी शोभा होते. नाही घातली तर माझं मंडळ राहतं आणि ती बाबांच्या शेजारी, दर महिन्याला, पहिल्या रांगेत, माझ्या डोळ्यांसमोर. यात वाईट ते काय? मी रोज स्वतःला विचारतो.

आज वाचनालयाची किल्ली आणायला गेलो, तर अध्यक्ष आणि ती जिन्यावर. ते तिची पिशवी धरून एक-एक पायरी चढत होते आणि सांगत होते, "सांभाळ, इथे पायरी तुटली आहे." तीच पायरी, ज्यावरून ती गेली कित्येक वर्षं चढते. ती म्हणाली, "हो बाबा."

त्या "हो बाबा"मध्ये माझ्या दुकानातलं सगळं होतं. दादाला सरकायला सांगणं वगैरे.

घरी आलो आणि ओळ घातली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

एक तारखेला तिचंच नाव निघालं, अध्यक्षांनी घरी चालवून पाहिलं, जुळलं. आज ते प्रत घेऊन दुकानात आले. "साठ प्रती. स्वच्छ निघू देत." वाचलं नव्हतं. आधी वाचलं तर वाचनाला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याच फासाच्या दोरीच्या साठ प्रती मी काढल्या. वर स्टेपल मारले. दादा म्हणाला, "पहिल्यांदाच काम नीट केलंस."

रविवार, १३ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही.

सात वाजता ती आत गेली, दार लागलं. मी माइकसमोर. माझी ओळ शेवटच्या पानावर. आठपर्यंत तिथे पोचायचं नव्हतं, कारण वाचली की अध्यक्ष मुलीला हाक मारणार, हे उघड होतं.

मी आयुष्यात इतकं सावकाश कधी वाचलं नाही. स्वल्पविरामसुद्धा समजावून सांगितले. पण प्रोग्रॅमच केवढासा! साडेसातला तिसरं पान. मी पाणी प्यायलो, तेही सावकाश. मग देव आठवावा तसा शंकासुर आठवला. "इथे कुणाला काही शंका?"

त्याला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. तो उभा राहिला, खिशातून कागद काढला. सुरुवात शून्यापासूनच का, एकपासून का नाही? तारीख आधी की महिना आधी? बारा महिन्यांत तेरावा आला तर? मी प्रत्येक शंकेला म्हणालो, "फार चांगला प्रश्न." मंडळी कण्हू लागली. दंतवैद्य म्हणाले, "अहो, दाढ काढणं यापेक्षा सोपं." मला शंकासुराच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पण कागद माझ्या एकट्याकडे नव्हता. साठ जणांकडे होता. पावणेआठला दंतवैद्यांनीच कंटाळून शेवटचं पान उलटलं आणि म्हणाले, "हे काय? इथे तर अध्यक्षांच्या मुलीचं नावच लिहिलंय."

पानांची फडफड. सगळे शेवटच्या पानावर.

अध्यक्ष म्हणाले, "वाच."

मी वाचली.

"पुन्हा."

पुन्हा वाचली. कुणीतरी मागून शीळ घातली. अध्यक्षांनी कागदावर त्या ओळीवर बोट ठेवलं. "चार महिने? माझ्या मुलीचं नाव? मी चालवून बघितलं... मी सगळ्यांना सांगितलं..." ते उठले आणि आतल्या खोलीकडे निघाले.

मी मधे जाऊन दाराला पाठ लावली. भांडण्यात मी कधी कच्चा नव्हतो; पण भांडणाचं एक वाक्य सुचेना. म्हणालो, "काका, माझं काय करायचं ते करा. इथे, सगळ्यांसमोर. तिला यातलं काही माहीत नाही." हे खोटं होतं. "रेकॉर्डिंग चालू आहे. दार उघडायचं नाही, हा तुमचाच नियम."

ते माझ्या इतक्या जवळ उभे होते की त्यांचा श्वास लागत होता. आणि तेव्हा दारातून ऐकू आलं. माझ्या पाठीला आणि त्यांच्या कानाला. "हो सर. पंधरा तारखेपासून येऊ शकेन."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत राहिलो. त्यांनी कडीवर ठेवलेला हात काढून घेतला. मागे वळले, खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "शंकासुर, तुमची शंका राहिली होती का?"

आठ वाजून गेल्यावर ती बाहेर आली. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. फक्त बाबांनी पाहिलं. त्यांनी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि तिने ती दिली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ती गेली. जायच्या आधी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला आली होती. दादा समोरच होता, त्यामुळे बोलणं झालं ते एवढंच: "दोन्ही बाजू?" "हो, दोन्ही बाजू." मी पैसे घेतले नाहीत. दादाने घेतले.

माझा निकालही लागला. हाकलतील म्हणून मी आजच्या जादा सभेला राजीनामा लिहून नेला होता. तणतणत टेबलावर टाकला. शंकासुराने बोट वर केलं, "याच्या जागी कोण?" पुन्हा सगळे चपलांकडे. शेवटी ठराव: शिक्षा म्हणून कार्यवाह हाच, आणखी दोन वर्षं. कुणी मला 'अहो' म्हणालं नाही. "ए, पुढच्या महिन्याचा वक्ता बघ."

बुधवार, ३० ऑक्टोबर

अध्यक्ष आता रोज दुकानात येतात. प्रोग्रॅम वाचतात. बाकावर बसून, बोट ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. माझ्याशी बोलत नाहीत.

आज बोलले. "जादा ओळ काढलीस?"

"काढली."

"सभासदांच्या नावांत तिचं नाव अजून आहे. गाव सोडलेल्याचं नाव नियमाने काढायचं असतं."

"हो."

"मग काढ."

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही काढा, काका."

त्यांनी चष्मा पुसला. एका गिऱ्हाइकाने दोन झेरॉक्स काढून घेतल्या, दुसऱ्याने चार. कीबोर्ड आमच्या दोघांच्या मधे होता.

"उद्या बघू," ते म्हणाले आणि उठले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सकाळी सोडत निघाली. तिचं नाव.

मी शप्पथ घेतो, प्रोग्रॅमला हात लावलेला नाही. पण माझ्या शपथेला आता कोण विचारतो? दहा मिनिटांत शंकासुराचा फोन. "एक शंका आहे."

"खरी सोडत आहे हो! आईशप्पथ!"

"ते अध्यक्षांनी सगळ्यांना कळवलंय. त्यांनी चालवूनही बघितलं आणि वाचूनही बघितलं. शंका ती नाही. ती तर इथे नाही. मग खुर्च्या कोण मांडणार?"

फोन ठेवून मी मंडळाचे निरोप उघडले. अध्यक्षांचा निरोप होता. सोडत बरोबर आहे, असं एक वाक्य. खाली दुसरं: नाव आमच्या घरचं निघालं आहे, मी येईन.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ते तासभर आधी आले. इस्त्रीचा सदरा. मी म्हणालो, "काका, तुम्ही बसा, मी मांडतो." त्यांनी ऐकलं नाही. मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. मधे दोनदा थांबून त्यांनी कंबर धरली. माझ्या रांगा वाकड्या होत्या. त्यांनी त्या न बोलता सरळ केल्या.

मग ते आतल्या खोलीत मशीनपाशी जाऊन बसले. दार लावलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "तिथे वेळ काय झाली असेल?"

"इथली तीच, काका. एकच वेळ आहे."

"हं," ते म्हणाले. "मग आता ती कामावरून सुटली असेल."

मी चहा आणायला गेलो.